महाधमनीचा संसर्गित फुगा: ओपन की स्टेंट?

पोटातल्या महाधमनीला (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीला) फुगा आलाय आणि त्यात जंतुसंसर्ग आहे, असं सीटीच्या रिपोर्टवर आलं की नातेवाइकांपुढे दोन शब्द ठेवले जातात: ओपन, म्हणजे पोट उघडून करायचं ऑपरेशन, किंवा स्टेंट, म्हणजे फुग्याच्या आतून बसवायची कापडी नळी. वर "संध्याकाळपर्यंत कळवा" असंही सांगितलं जातं. त्या संध्याकाळसाठी हा लेख आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. फुगा फुटून रक्तस्राव सुरू असेल आणि स्टेंट बसण्यासारखा असेल तर स्टेंट, तिथे वाद घालत बसू नये. रुग्ण स्थिर असेल आणि वय, हृदय, किडनी साथ देत असतील, तर ओपनचा विचार मनापासून करा, तो शब्द ऐकून पोटात गोळा आला तरी.

साधा फुगा आणि हा फुगा

वय, सिगारेट, रक्तदाब यांमुळे येणारा नेहमीचा फुगा वर्षाला काही मिलिमीटरने वाढतो. पुरुषांत साधारण ५.५ आणि स्त्रियांत ५ सेंटिमीटरचा होईपर्यंत त्याच्यावर नुसती नजर ठेवतात. संसर्गित फुग्याला हे आकडे लागू पडत नाहीत. इथे जंतूंनी धमनीची भिंतच पोखरलेली असते. फुगा काही दिवसांत आकार बदलतो आणि लहान असतानाही फुटतो. "अजून साडेतीनच सेंटिमीटर आहे, सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करू" हा सल्ला पहिल्या फुग्यासाठी शहाणपणाचा, दुसऱ्यासाठी जीवघेणा.

निदान: विडाल की ब्लड कल्चर, सोनोग्राफी की सीटी

आपल्याकडे उशीर बहुतेक वेळा इथेच होतो. पंधरा दिवसांचा ताप, कंबरदुखी, विडाल (टायफॉईडची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह, म्हणजे टायफॉईड, करा अँटिबायोटिक सुरू. विडाल जुन्या संसर्गानेही पॉझिटिव्ह येऊ शकते आणि जंतू कुठे दडलाय हे ती सांगूच शकत नाही. ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघणारी तपासणी, खरा जंतू आणि त्यावर चालणारं औषध दोन्ही दाखवतं, पण ते अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी, वेगवेगळ्या जागांहून दोन-तीन वेळा रक्त घेऊन केलं तर. चार गोळ्या पोटात गेल्यावर केलेलं कल्चर कोरं आलं तर त्यात आश्चर्य नाही. नीट घेतलेलंही अनेकदा कोरं येतं, म्हणून "कल्चर निगेटिव्ह, म्हणजे संसर्ग नाही" असं कुणी म्हटलं तर मान डोलवू नका.

या आजारात सर्वाधिक सापडणारे जंतू दोन: स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि साल्मोनेला. आशियात साल्मोनेलाचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आहे. पन्नाशी ओलांडलेल्या, त्यातही मधुमेह असलेल्या माणसाच्या रक्तात साल्मोनेला सापडला आणि पाठ किंवा पोट दुखत असेल, तर महाधमनीचा सीटी अँजिओ (शिरेतून कॉन्ट्रास्ट हे औषध सोडून रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी) मागून घ्यायलाच हवा.

सोनोग्राफी स्वस्त, पटकन होणारी, फुग्याचं माप सांगणारी. पण संसर्ग ओळखायला ती अपुरी पडते. सीटी अँजिओवर एका बाजूला आलेला वेडावाकडा फुगवटा, भोवतीची सूज, कधी हवेचे बुडबुडे, शेजारचा खाल्लेला मणका हे सगळं दिसतं. क्रिएटिनीन (किडनीची रक्ततपासणी) थोडं वाढलेलं आहे म्हणून कॉन्ट्रास्ट टाळण्याकडे कल असतो, पण संशय दाट असेल तर उशिराची किंमत जास्त पडते. पेट-सीटी (संसर्गाची जागा उजळून दाखवणारा स्कॅन) शंकेच्या केसमध्ये उपयोगी. मात्र नुकत्याच बसवलेल्या ग्राफ्टभोवती (धमनीसाठी लावलेल्या नळीभोवती) ती संसर्ग नसतानाही काही महिने उजळते, त्यामुळे ऑपरेशननंतरचा रिपोर्ट जपून वाचावा लागतो.

आणखी एक गोष्ट. मणक्याशेजारी पू दिसला की टीबी समजून एकेटी (टीबीची औषधं) सुरू होते किंवा सुई घालून नमुना घेतला जातो. टीबीनेही असा फुगा येतो, क्वचित. पण महाधमनीला खेटून असलेल्या गाठीत सुई घालण्याआधी कॉन्ट्रास्ट सीटी झालाच पाहिजे. जांघेतल्या ठणकणाऱ्या गाठीचंही तेच. डायलिसिसच्या किंवा अँजिओग्राफी झालेल्या रुग्णाची ती गाठ नाडीसारखी उडत असेल, तर गळू समजून कुणालाही चिरा देऊ देऊ नका. आधी डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी.

दोन्ही उपचार शेजारी ठेवले तर

स्वीडनने १९९४ ते २०१४ या काळातल्या आपल्या १३२ रुग्णांचा हिशोब मांडला. तीन महिन्यांनी स्टेंटवाल्यांपैकी ९६ टक्के हयात होते, ओपनवाल्यांपैकी ७४. पाच वर्षांनी हेच आकडे ५८ आणि ६०. हे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेलं संशोधन नव्हे, कुणाला काय करायचं ते डॉक्टरांनीच ठरवलं होतं. तरी मला यात स्पष्ट दिसतं की स्टेंट सुरुवातीचा घाट पार करून देतो आणि पुढे त्याची आघाडी विरून जाते. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, दम लागणाऱ्या आजोबांसाठी ते पहिले तीन महिनेच सर्वस्व आहेत. पंचावन्न वर्षांच्या माणसाला पुढची वीस वर्षं काढायची आहेत, आणि स्टेंटमध्ये सडलेली भिंत जागच्या जागी राहते, वर तिच्याच आत परकं कापड बसतं.

जंतू कोणता, यावरही बरंच ठरतं. युरोपातल्या १६ केंद्रांमधल्या स्टेंट बसवलेल्या १२३ रुग्णांच्या अभ्यासात, कल्चरमध्ये साल्मोनेलाखेरीज दुसरा जंतू निघालेल्यांना पुढे संसर्गाने मृत्यूचा धोका जास्त दिसला. म्हणून रुग्ण स्थिर असेल तर स्टेंटआधी कल्चरचा रिपोर्ट हाती येऊ द्यावा आणि ताप उतरवून घ्यावा. अर्थात दुखणं वाढलं किंवा फुगा वाढताना दिसला, तर थांबण्यात अर्थ नाही.

स्टेंट कुठे चालत नाही? फुगा आतड्याशी जोडला जाऊन रक्ताच्या उलट्या किंवा काळी शौच होत असेल, तर स्टेंट तात्पुरता बांध आहे, मूळ ऑपरेशन पुढे करावंच लागतं. किडनीच्या धमन्यांच्या तोंडाशी फुगा असेल तर मापाने बनवून घेतलेला स्टेंट लागतो, आणि तो यायला लागणारे आठवडे या आजारात हातात नसतात.

ओपनमध्ये पोट उघडून खराब भिंत, पू, कुजलेला भाग काढतात. पुढचा प्रश्न जरूर विचारा: त्या जागी काय लावणार? मांडीतली खोल शीर काढून लावली तर संसर्गाला ती चांगली टिकते, पण ऑपरेशन लांबतं आणि पाय सुजू शकतो. गायीच्या पेरिकार्डियमची (हृदयाभोवतीच्या आवरणाची) नळी किंवा रिफाम्पिसिन या अँटिबायोटिकमध्ये भिजवलेला डेक्रॉन (कृत्रिम कापडाची नळी) हे दुसरे पर्याय. भोवती ओमेंटम (पोटातला चरबीचा पडदा) गुंडाळतात. काही सर्जन महाधमनीचं टोक बंद करून काखेतून दोन्ही जांघांपर्यंत बायपास देतात. यात ग्राफ्ट स्वच्छ जागेतून जातो, पण ते बंद केलेलं टोक पुढे फुटण्याची भीती राहते. मला स्वतःला, जमत असेल तिथे, शीर बरी वाटते.

नुसत्या अँटिबायोटिकवर महाधमनीचा फुगा सोडणं हा दोन्ही ऑपरेशनं न झेपणाऱ्यांसाठीचा मार्ग. मेंदूतल्या लहान, न फुटलेल्या फुग्याचं वेगळं असतं, तो कधी कधी औषधानेच विरतो.

औषधांची वारी दोन्हीकडे आहे: साधारण चार ते सहा आठवडे शिरेतून, मग निदान काही महिने गोळ्या. स्टेंटनंतर पुष्कळांना जन्मभर. साताऱ्याहून किंवा सोलापूरहून आलेल्या कुटुंबाने पिक लाइन (दंडाच्या शिरेतून घातलेली लांब नळी) घालून घरी इंजेक्शनं कोण देणार, दर आठवड्याचं सीआरपी (संसर्गाचा अंदाज देणारी रक्ततपासणी) आणि क्रिएटिनीन कुठे होणार, हे डिस्चार्जच्या आधीच ठरवावं. स्टेंट घेऊन नंतर सीटीला न फिरकणारा रुग्ण दोन्ही पर्यायांचे तोटे घेऊन घरी जातो.

पुण्यात

मोठ्या नावापेक्षा तीन गोष्टी एका छताखाली आहेत का ते बघा: असे फुगे ओपनने केलेला व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांचा) सर्जन, कॅथलॅब (स्टेंट बसवण्याची खोली) आणि संसर्गरोगतज्ज्ञ. फक्त स्टेंट करणाऱ्याकडे गेलात तर सल्लाही स्टेंटचाच मिळणार, हे ओघानेच आलं. पैशाच्या बाबतीत ससून या सरकारी रुग्णालयाचा पर्याय आहेच. धर्मादाय नोंदणी असलेल्या मोठ्या रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखीव असतात. त्यासाठी डिपॉझिटच्या खिडकीवर नव्हे, समाजसेवा विभागात जा, रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन. महात्मा फुले योजनेत हेच ऑपरेशन बसतं का, हे आरोग्यमित्राकडून (रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाकडून) ॲडमिशनच्या दिवशीच विचारून घ्या. एस्टिमेटमध्ये स्टेंटची किंमत वेगळी लिहून मागा, त्या बाजूचा मोठा खर्च तोच असतो. ओपनमध्ये आयसीयूचे दिवस बिल वाढवतात.

दुसऱ्या सर्जनचं मत घ्यायला जाताना फिल्म नको, सीटीची सीडी न्या, आणि कल्चरचा पूर्ण रिपोर्ट, सेन्सिटिव्हिटीच्या (कोणतं औषध चालेल ते सांगणाऱ्या) पानासकट.