ताम्हण की करंज? आधी खड्डा खणून बघा

पावसाळा तोंडावर आला की सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघतोच: कंपाउंडलगत झाड कोणतं लावायचं? भर पावसात गुलमोहर आणि रेन ट्री गाड्यांवर कोसळलेले पाहिल्यापासून लोक देशी झाड मागू लागलेत, याचा मला मनापासून आनंद आहे. बोलणं फिरून फिरून ताम्हण आणि करंज या दोघांवर येतं. दोन्ही आपल्या रानातले, ओढ्याकाठी वाढणारे. तरीही एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

बहुतेकांचा ओढा ताम्हणाकडे असतो. आपलं राज्यफूलच ते. महाराष्ट्र दिनाच्या सुमारास फांद्यांच्या शेंड्यांवर जांभळे तुरे येतात, पाकळ्या चुरगळलेल्या क्रेप कागदासारख्या. थंडीत पानं तांबूस होऊन गळतात, मग काही आठवडे झाड उघडं दिसतं. ते मेलंय असं समजून कुणी पाणी तोडू नये. लाकूड टणक, पाण्यात टिकणारं, म्हणून होड्यांसाठी वापरायचे.

करंज दिसायला साधा. फुलं बारीक, पांढरट-गुलाबी. सकाळी झाडाखाली त्यांचा सडा पडलेला असतो आणि वर मधमाश्या घोंगावत असतात. त्याचं मोल सावलीत आणि बियांत. वर्षातला थोडा काळ सोडला तर झाड गर्द हिरवं. बियांचं करंजेल पूर्वी दिव्यात जळायचं, खरजेवर आणि गुरांच्या जखमांवर लावायचे. आता त्यापासून बायोडिझेलही करतात. तेल कडू, पोटात घ्यायचं नाही. पेंड मात्र उत्तम खत, शिवाय मातीतल्या किडींना आवर घालते. शेंगवर्गीय झाड असल्यामुळे मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र मातीत आणतात. भरावाच्या निकस जमिनीत हे फार कामाला येतं.

आणि खरा निकाल जमिनीतच लागतो. नवी मुंबईत नेरूळला एका सोसायटीत मी हौसेनं दोन ताम्हण लावले होते. खणताना फूटभर मुरूम लागला, मग विटांचे आणि फरशीचे तुकडे, आणि दोन फुटांवर राखाडी चिखल. त्यातला एक गोळा कठड्यावर ठेवला. वाळल्यावर त्यावर पांढरट थर आला. खारं पाणी वर येत होतं. तरी मी लावलेच. दुसऱ्या उन्हाळ्यात पानांच्या कडा भाजल्यासारख्या झाल्या आणि एक रोप गेलं. त्याच ओळीतला करंज तोवर माझ्या डोक्यावर गेला होता. करंज समुद्राकाठी, खाडीकाठीही उगवतो, खारेपणा सोसतो. ताम्हणाला गोडं पाणी आणि ओल धरणारी माती लागते.

त्यामुळे वाशी, नेरूळ, सीवूड्सच्या खाडीकडच्या भरावावर असाल तर करंजच लावा. ठाण्याकडे येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी, घोडबंदर रोडच्या डोंगराकडच्या बाजूला किंवा पारसिकच्या उतारावर खाली खरी माती असेल आणि पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात पाणी घालणारं कुणी असेल, तर ताम्हण जरूर लावा. तिथे करंज लावून ताम्हणाची जागा अडवू नये असं मला वाटतं.

छाटणीचंही बघा. ताम्हणाची फुलं नव्या फुटीच्या टोकाला येतात. पावसाळ्याआधीची छाटणी एप्रिल-मेमध्ये निघते आणि नेमका बहरच कापला जातो. त्याची छाटणी पानगळीत उरकून घ्या, माळ्याला तसं लिहून द्या. करंज कितीही छाटला तरी फुटतो. मात्र तो मुळांवाटे आजूबाजूला कोंब काढतो, ते वेळच्या वेळी काढावे लागतात. त्याच्या पानांवर फोडांसारखे उंचवटे येतात, ते सूक्ष्म कोळ्यांमुळे. झाडाला त्यानं फारसं काही होत नाही, फवारणी नको.

करंजाची रोपं घरीच करता येतात. वाळलेली शेंग फोडून ताजं बी पिशवीत लावलं की सहज रुजतं. ताम्हणाचं बोंड तडकल्यावर आतलं पंखवालं बी गोळा करता येतं, पण त्यातलं थोडंच उगवतं आणि रोप सुरुवातीला सावकाश वाढतं. म्हणून ते नर्सरीतून छातीएवढं झालेलंच आणा.

जागेची घाई करू नका. शहरी भागात झाड एकदा वाढलं की 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय तोडता येत नाही. भिंतीपासून आणि ड्रेनेजच्या पाइपपासून निदान दहा फूट, दोन झाडांत पंधरा-वीस फूट अंतर ठेवा. मेमध्ये दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा घ्या, डेब्रिज बाहेर काढा, आठ-दहा दिवस ऊन खाऊ द्या. मग शेणखत आणि चांगली माती भरून, जूनचे पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर रोप लावा.