ऑक्सिजन की झाउअरश्टॉफ?

1787 साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हॉझिए आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रसायनांची नवी नामावली प्रसिद्ध केली, तेव्हा ‘आम्ल’ आणि ‘उत्पन्न करणारा’ या अर्थांची ग्रीक रूपे जोडून घडवलेले ‘ऑक्सिजन’ हे नाव तिच्यात होते. इंग्रजी, स्पॅनिश आणि इटालियन यांनी तो शब्द किरकोळ उच्चारभेदाने जसाच्या तसा उचलला. जर्मनने मात्र भाषांतर करून ‘झाउअरश्टॉफ’, म्हणजे ‘आंबट द्रव्य’, असे नाव दिले, आणि डच व रशियन याच वाटेने गेल्या.

ग्रीक शब्द ठेवला की देश बदलला तरी संज्ञा ओळखीची राहते, पण तिची फोड ग्रीक जाणणाऱ्यालाच कळते. उलट हायड्रोजनला ‘वासरश्टॉफ’, म्हणजे ‘पाण्याचे द्रव्य’, म्हटले की जर्मन शाळकरी मुलालाही त्यातले पाणी लगेच दिसते. या उघडेपणाची किंमतही आहे. प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच, ही लाव्हॉझिएची समजूत इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने 1810 मध्ये ऑक्सिजन नसलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाच्या आधारे खोडून काढली. चूक दोन्ही नावांत आहे. ग्रीक पेहरावात ती झाकली जाते, जर्मनमध्ये ती रोज बोलली जाते. (डॅनिशने तिसरेच केले: अग्निवाचक शब्दावरून ‘इल्ट’ घडवला.)

दैनंदिन वस्तूंची गोष्ट वेगळी. जर्मन टपालखात्याने ‘फेर्नश्प्रेशर’, म्हणजे ‘दूर बोलणारा’, हा शब्द चालवला, तरी लोकांच्या तोंडी ‘टेलिफोन’च राहिला. शास्त्रीय परिभाषेसाठी मी ग्रीक नावाच्याच बाजूचा आहे, कारण सिद्धान्त बदलला तरी अपारदर्शक नाव अडचणीत येत नाही.