बातमीलेखनाची दोन दिवसांची कार्यशाळा, कोल्हापूर : इंट्रो पक्का, शेपटी कच्ची

तालुक्याचे वार्ताहर आणि पत्रकारितेचे विद्यार्थी यांच्यासाठीची ही कार्यशाळा. पहिला दिवस सगळा इंट्रोवर, म्हणजे बातमीच्या सुरुवातीच्या परिच्छेदावर जातो आणि फी तिथेच वसूल होते.

सरावाला पंचगंगेचा पूर. नवख्याची कॉपी, म्हणजे लिहून दिलेला मजकूर, हमखास ‘गेल्या चार दिवसांपासून जिल्ह्यात संततधार सुरू असून’ अशी निघते आणि नदीची पातळी जिथे मोजतात तो राजाराम बंधारा चौथ्या परिच्छेदात उगवतो. इथं ती उलटवून घेतात : ‘पंचगंगेने बुधवारी सकाळी सात वाजता राजाराम बंधाऱ्याजवळ 43 फुटांची धोका पातळी ओलांडली.’ 12 शब्दांत काय, कधी, कुठे आटोपलं; का आणि कसं पुढच्या परिच्छेदात. कोण, काय, कधी, कुठे, का, कसं हे सहाही ककार एकाच वाक्यात कोंबले की ‘असून’, ‘तर’, ‘दरम्यान’ यांची मालगाडी होते. ती फळ्यावर डबा-डबा सोडवून दाखवतात, हे फार चांगलं. 39 फूट म्हणजे इशारा पातळी. तिला ‘धोका’ म्हणणारी कॉपी तिथल्या तिथे परत येते.

इंट्रोखालचा क्रमही नेमका शिकवला आहे. आधी बंद रस्ते आणि स्थलांतर, मग राधानगरी धरणाच्या 7 स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले, मग पालकमंत्र्यांची पाहणी, 2019 च्या महापुराचा संदर्भ अगदी शेवटी. ऐनवेळी जाहिरात आली की उपसंपादक बातमी खालूनच कापतो. म्हणून शेवटचे दोन परिच्छेद झाकून वाचायचं. उरलेली बातमी अपुरी वाटली तर रचना चुकली.

कुस्तीच्या वृत्तांतालाही हाच नियम लावतात. खासबाग मैदानातली लढत कोणी, कोणत्या डावावर, कितव्या मिनिटाला मारली हे आधी, हलगी-कैताळ या वाद्यांचा माहोल नंतर. पटायला जड जातं, पण बरोबर आहे.

दुसरा दिवस मात्र ढिला. ‘समजते’, ‘बोलले जाते’ यांच्या जागी माहिती देणाऱ्याचं नाव आणि हुद्दा कुठं बसवायचा, याला जेमतेम अर्धा तास. आरोपाच्या बातमीत समोरच्याची बाजू किती वर घ्यायची, हे तर राहूनच गेलं. ती शेवटच्या परिच्छेदात ठेवली तर कापाकापीत पहिली तीच उडते आणि दुसऱ्या दिवशी खुलासा छापावा लागतो. शीर्षक कॉपी झाल्यावर द्या, एवढंच सांगून सोडलं. मजकुरात नसलेला दावा शीर्षकात कसा घुसतो, याचं एकही उदाहरण नाही. मोबाइलवरच्या बातमीचं प्रकरण तर उरकलंच.

जाणार असाल तर स्वतःच्या छापून आलेल्या दोन बातम्या आणि त्यांची मूळ कॉपी सोबत न्या. डेस्कनं, म्हणजे उपसंपादकांनी, काय कापलं, हे शेजारी-शेजारी ठेवून विचारलं तर तपासून देतात. न विचारता कुणी देत नाही.