पेन किटच्या नावाखाली ₹31,930 घातले: लेथवर पेन करणाऱ्यांनी वाचाच

लेथवर लाकडी पेन करणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितोय, आणि रागातच लिहितोय. पेनाच्या किटमध्ये, म्हणजे लाकडात बसवायच्या नळ्या, टोक, फिरकी, क्लिप अशा तयार सुट्या भागांत, एका विक्रेत्याने फसवलं आणि माझे ₹31,930 गेले. पैसे पुन्हा कमावता येतील, लाकूड येणार नाही. मी औसा तालुक्यातला. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात आजोबांचं दगडी घर पडलं. त्या घराच्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, सागवानी नाटा (तुळया) वडिलांनी इतकी वर्षं पत्र्याखाली जपून ठेवल्या होत्या. विकायला कितीजण मागे लागले, दिल्या नाहीत. त्याच नाटांचे तुकडे कापून मी पेन करतो. ते ऐकूनच एका शाळेने शिक्षक दिनासाठी 120 पेन सांगितले. ₹450 ला एक, एकूण ₹54,000, त्यातले ₹15,000 आगाऊ मिळाले.

आता पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात, "नमुना मागवला नव्हता का?" मागवला होता! सिगार पद्धतीचे, म्हणजे जाडसर पेनाचे, 5 किट, ₹240 प्रमाणे ₹1,200 देऊन. 10 मिलीमीटरच्या नळ्या, जाड पितळी. पार्कर पद्धतीची रिफील, म्हणजे तालुक्याच्या कुठल्याही स्टेशनरीत मिळणारी. फिरकी, म्हणजे पेन फिरवून रिफील बाहेर काढणारा भाग, मऊ, क्लिप घट्ट. त्यातला एक पेन पूर्ण उन्हाळा माझ्या खिशात होता, घामाने भिजला, धातूचा चढाव (मुलामा) जरासुद्धा उडाला नाही. यापेक्षा जास्त तपासणी माणूस काय करणार? त्यानंतरच त्याच विक्रेत्याला 150 किट सांगितले, ₹195 प्रमाणे ₹29,250 चे. निम्मे ₹14,625 आधी, निम्मे ₹14,625 पार्सलचा फोटो आल्यावर. आणि अगदी शेवटी "पॅकिंग आणि विमा" म्हणून ₹1,480. नमुना एक नंबर, माल भंगार. ही तऱ्हा बियाण्यापासून साडीपर्यंत आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. मलाही होती, म्हणूनच तर नमुना वापरून पाहिला.

पैसे पाठवताना पिन टाकायच्या आधी अ‍ॅपवर खातेदाराचं नाव येतं. तिथे फर्मचं नाव नव्हतं, कुणा भलत्याच माणसाचं होतं. मी विचारलं. उत्तर आलं, "अकाउंटंटचं खातं आहे भाऊ, करंट खात्याची आजची लिमिट संपली." इतक्या सहज बोलला की शंकेला जागाच ठेवली नाही. तुम्ही ठेवा. नाव जुळत नसेल तर व्यवहार तिथेच तोडा, समोरचा कितीही गोड बोलू दे.

पण खरं कळायला हवं होतं ते ऑगस्टमध्ये, नळ्या घासताना. लाकडाला भोक पाडलं की पितळी नळीला पॉलिश पेपरने खरवडून घ्यायचं, म्हणजे गोंद धरतो, हे आपल्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. माझा भाचा ओट्यावर बसून नळ्या घासत होता, मी लेथवर. तो म्हणाला, "मामा, ही नळी आतून पांढरी हाय की." त्याने नळी पुढे केली. पिवळा रंग पेपरला लागून आला होता आणि खालून करडा पट्टा दिसत होता. पितळ कितीही घासा, पितळच निघतं. पिवळ्याखाली पांढरं निघालं म्हणजे ती नळीच पितळेची नाही. हे मला ठाऊक नाही असं नाही. पण हातातल्या लाकडाला फिनिश द्यायचं चाललेलं, मशीन चालू, वीज कधी जाईल त्याचा भरवसा नाही, 5 सप्टेंबर तोंडावर. "घास पटापट," एवढंच बोललो. किराणा दुकानातल्या खेळण्यातलं लोहचुंबक भाच्याच्याच खिशात होतं! ते लावलं असतं तर नळी टुणकन चिकटली असती आणि ते पार्सल तसंच परत बांधलं असतं. आजही रात्री आठवलं की डोकं गरम होतं. ज्यांच्यावर तारखेची टांगती तलवार आहे त्यांनी मला बोलायच्या आधी स्वतःचं मशीन बंद करून बघावं.

चुंबक मात्र अर्धंच काम करतं, हेही सांगतो. नळी लोखंडी असेल तर ते पकडतं. टोकाचा शंकू, कडं, क्लिपचा टोपा जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव असेल तर चुंबक गप्प बसतं. तिथे हाताला वजन बघा आणि आतले आटे बघा. आटे खरखरीत, कडेला ओताची शिवण दिसत असेल तर तो माल ठेवू नका. "24 कॅरेट गोल्ड" या शब्दांना भुलू नका. नुसत्या सोन्याचा पातळ चढाव बोटांच्या घामाने सगळ्यात आधी जातो. रोजच्या वापराच्या पेनाला क्रोम, ऱ्होडियम किंवा टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी चढाव घ्या. महाग पडतो, पण टिकतो.

पेन दिले. शाळेत टाळ्या झाल्या, सत्कार झाला, फोटो निघाले. दसऱ्याच्या आत तक्रारी सुरू. टोकाचं सोनं जाऊन काळा धातू उघडा. फिरकी अर्ध्यावर अडकते. काही पेनांत कड्यालगत सागवान काळं पडलं, कारण लोखंड आणि सागातला टॅनिन ओलाव्यात भेटले की लाकूड काळवंडतंच, आणि यंदा ओलाव्याला काय कमी होतं? किट प्रेसने दाबून बसवलेला असतो. काढायला जावं तर लाकूड उकलतं. म्हणजे दुरुस्ती नाही. शाळेने उरलेले ₹39,000 थांबवले, आगाऊ घेतलेले ₹15,000 मी परत केले. मुख्याध्यापकांनी एक शब्द वाईट काढला नाही, तरी मला त्या गेटातून आत जाववत नाही.

विक्रेत्याचा फोन आधी "व्यस्त", मग बंद. बिल काढून नीट बघितलं. पत्ता मुंबईचा, जीएसटी क्रमांकाची सुरुवात 07 ने. महाराष्ट्राचा क्रमांक 27 ने सुरू होतो, 07 दिल्लीचा. जीएसटीच्या पोर्टलवर फुकटात क्रमांक टाकून बघता येतो. टाकला, तर तो कुठल्या तरी कापड दुकानाचा निघाला. बिल हातात आल्याबरोबर पहिले दोन आकडे बघत चला.

आणि पुढचं ऐका. पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणतात, "माल मिळाला ना? मग फसवणूक कसली? दिवाणी मॅटर आहे." खोटं बिल, दुसऱ्याचा जीएसटी क्रमांक, भलत्याच नावाचं खातं, हे दिवाणी? भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम 318 कशासाठी आहे? मग म्हणाले, आरोपी मुंबईचा, आमच्या हद्दीत येत नाही. 1 जुलै 2024 पासून नवा कायदा लागू आहे, दखलपात्र गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, झिरो एफआयआर म्हणून. मी हे सांगितलं तर साहेब म्हणाले, "वकील आहात का?" नाही, मी कारागीर आहे, आणि माझा अर्ज घेऊन पोच देणं तुमचं काम आहे. पोचसुद्धा भांडून घेतली.

बँकेत गेलो. "पिन तुम्हीच टाकला, बँकेचा संबंध नाही." खात्यातून परस्पर पैसे गेले तर बँकेला विचारायचे नियम आहेत, स्वतः पाठवले तर हात वर. ग्राहक तक्रारीची चौकशी करायला गेलो तर टेबलावरच्या बाबूने उभ्या उभ्या निकाल दिला, "धंद्यासाठी घेतलं, तुम्ही ग्राहक नाही." साफ चूक! 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारावर पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू धरलेली आहे. तक्रार आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते, ₹5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. हे त्यांनी मला सांगायचं की मी त्यांना? पुस्तकं चाळून, ओळखीच्या वकिलाला गाठून मी शोधायचं, आणि पगार त्यांना. तक्रार आता ग्राहक तक्रारींच्या ई-जागृती पोर्टलवर टाकली आहे. अडचण एकच, सामनेवाल्याचा खरा पत्ता. तो पोलिसांनी शोधावा तर पोलीस म्हणतात दिवाणी.

पैसे गेल्याचं त्याच दिवशी लक्षात आलं तर क्षणभर थांबू नका, सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन लावा, तेवढ्यात रक्कम गोठवता येऊ शकते. माझ्यासारखं दोन महिन्यांनी कळलं तर खातं रिकामं झालेलं असतं. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, पाकिटाचं सील फोडण्यापासून. घाऊक मालातला कुठलाही एक किट घेऊन टाकाऊ बाभळीच्या तुकड्यात आधी पेन करा, नळी घासून बघा, फिरकी शंभरदा फिरवा, मगच चांगल्या लाकडाला हात घाला. उरलेली रक्कम माल तपासल्यावर, आधी नाही. पाठवणारा तयार नसेल तर जाऊ द्या, ऑर्डर गेली तरी चालेल.

तो माणूस आता दुसऱ्या नावाने किट विकतोय. फोटो तोच आहे: हिरव्या मखमलीवर सात किट ओळीने, डावीकडून तिसऱ्याची क्लिप उलटी बसवलेली. हा फोटो दाखवून कुणी नमुना पाठवतो म्हणाला तर ₹1 सुद्धा पाठवू नका, आणि त्याचा चालू नंबर, खात्याचं नाव मला कळवा. तक्रारीला जोडायचंय.