वर्गसमीकरणाचा छोटा प्रोग्राम: गृहपाठाला चोख, दशांशात लंगडा

दहावीच्या मुलांना गणित शिकवते, त्यामुळे उत्तरं ताडून बघायला असलं काहीतरी हाताशी लागतंच. हा प्रोग्राम फुकट आहे, पायथनमध्ये लिहिलेला, जेमतेम तीसेक ओळींचा. अक्ष² + बक्ष + क = ० या वर्गसमीकरणातले अ, ब, क विचारतो आणि मुळं, म्हणजे क्षच्या किमती, समोर ठेवतो. जाहिराती नाहीत, आधी खातं उघडा म्हणत नाही. इथेच निम्मे गुण दिले.

पाठ्यपुस्तकातली गणितं बिनचूक सोडवतो. विवेचक (ब² − ४अक, ज्यावरून मुळं सारखी की वेगळी ते कळतं) आधी वेगळा छापतो हे फार बरं केलंय, कारण मुलं घसरतात ती तिथेच. ब ऋण असला की त्याचा वर्गही ऋणच लिहून मोकळी होतात! विवेचक ऋण निघाला तर संमिश्र मुळं देतो. अ शून्य दिला तर एकघाती समीकरण म्हणून सोडवतो.

मग मी क्ष² − ०.२क्ष + ०.०१ = ० दिलं. हा सरळसरळ (क्ष − ०.१) चा वर्ग, म्हणजे दोन्ही मुळं ०.१. प्रोग्राम म्हणतो, मुळं वेगळी: ०.१०००००००१३ आणि ०.०९९९९९९९८७. यंत्र आकडे द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून ठेवतं, त्यात ०.२ नेमका मावत नाही. म्हणून विवेचक शून्याऐवजी इवलासा धन येतो आणि वर्गमूळ घेतलं की तो फुगतो. मुलाने हे बघून वहीत ‘मुळे भिन्न’ लिहिलं तर गुण गेलेच.

दुसरी खोट जास्त गंभीर. अ = १, ब = −१०,००,००,०००, क = १ घाला. लहान मूळ ०.०००००००१ च्या आसपास यायला हवं, येतं ०.००००००००७४५, म्हणजे पाव हिस्सा गायब. सूत्रात −ब मधून विवेचकाचं वर्गमूळ वजा होतं, आणि अशी जवळजवळ सारख्या दोन प्रचंड संख्यांची वजाबाकी केली की खरे अंक उडून जातात आणि उरतो तो गाळ. प्रोग्राम यावर चकार शब्द काढत नाही, छातीठोकपणे उत्तर छापतो.

कोड उघडा आहे म्हणून निभावलं. मोठं मूळ आधी काढायचं आणि दुसरं मुळांच्या गुणाकारावरून, क भागिले अ. हे तर आपण वर्गात शिकवतोच. दोन ओळी बदलल्या, लहान मूळ ताळ्यावर आलं. दशांशांसाठी कोडला हात लावायचीही गरज नाही: समीकरणाला १०० ने गुणून १००, −२०, १ असे सहगुणक द्या, विवेचक ४०० − ४००, स्वच्छ शून्य येतो.

पाचपैकी साडेतीन.