पाच अक्षरे, ‘क्यू’ हवा, ‘यू’ नको: एका शब्दशोधक अॅपविषयी

कोथरूडला आमच्या घरी रविवारची जेवणे आटोपली की अक्षरांचे ठोकळे पटावर लावून इंग्रजी शब्द जुळवायच्या स्क्रॅबलचा डाव मांडला जातो. खेळासोबत आलेली पिशवी कधीच फाटली, त्यामुळे अक्षरांचे शंभर ठोकळे आता आईने शिवलेल्या खणाच्या पिशवीत असतात. गेल्या पावसाळ्यात एका डावात मी एफ, ए, क्यू, आय, आर असा ‘फकीर’ पटावर लावला आणि नववीतल्या भाच्याने तत्काळ हरकत घेतली: “आत्या, क्यूनंतर यू यायलाच हवा, शाळेत तसंच शिकवलंय.” प्रश्न 17 गुणांचा होता. कपाटातला जाडजूड शब्दकोश काढेपर्यंत त्याने मोबाईलवर शब्द शोधून देणारे एक मोफत अॅप उतरवून घेतले होते, आणि निकाल माझ्या बाजूने लागला. अॅपचे नाव मुद्दाम देत नाही, कारण याच कामाची आणखी तीन अॅप्स मी नंतर पाहिली आणि त्यांचे गुणदोष थोड्याफार फरकाने हेच निघाले.

वापरायला ते अगदी सोपे आहे. शब्द किती अक्षरी हवा, त्यात कोणती अक्षरे असलीच पाहिजेत, कोणती मुळीच नकोत आणि एखादे अक्षर ठरावीक जागीच हवे असेल तर ते कोणते, एवढे भरले की क्षणात यादी समोर येते. इंग्रजीत हा हिशेब सरळ असतो. मराठीत असे अॅप करायला बसणाऱ्याला ‘स्त्री’ हे एक अक्षर धरायचे की त्यातले स, त, र सुटे मोजायचे, इथूनच वादाला सुरुवात करावी लागेल.

पाच अक्षरे, क्यू हवा, यू नको, असे भरून पाहिले तेव्हा मला या अॅपची खरी गोडी लागली. स्क्रॅबलमध्ये क्यू एकच असतो आणि यू चार. ते चारही पटावर जाऊन बसले की डाव संपताना हातात अडकलेला क्यू दहा गुण वजा करवतो, म्हणून अशी यादी पाठ असणे फार उपयोगाचे असते. त्या यादीत फकीर होता, नकाब होता, तलाक आणि किब्लाही होते. इंग्रजीतले अवघड म्हणून जे शब्द पाठ करायचे, ते अरबी-फारसीतून आलेले आणि आपल्या कानांवरून रोज जाणारे निघावेत, याची मला मोठी गंमत वाटली. ‘कनात’ पाहून मला लग्नमंडपाची कनात आठवली, पण शब्दकोशात पाहिल्यावर ती जमिनीखालून पाणी वाहून नेणारी इराणी पद्धतीची वाट निघाली. कात्रजहून शहरात पाणी आणणारा पेशवेकालीन भुयारी नळ डोळ्यांपुढे आला. मात्र हा अर्थ मला अॅपने सांगितला नाही. ते नुसते शब्द देते, आणि अर्थाविना पाठ केलेला शब्द पुढच्या रविवारपर्यंत डोक्यात राहत नाही, हा माझा अनुभव आहे.

त्याहून मोठी उणीव अशी की, हे शब्द कोणत्या सूचीतून घेतले आहेत, हे अॅप कुठेही सांगत नाही. उत्तर अमेरिकेतले स्पर्धक एक शब्दसूची मानतात, आपल्याकडच्या स्पर्धांत कॉलिन्स या ब्रिटिश शब्दकोशाची सूची चालते, आणि दोन्हींत पुष्कळ फरक आहे. झेड आणि ओ मिळून होणारा दोन अक्षरी शब्द कॉलिन्समध्ये आहे, अमेरिकी सूचीत नाही. या अॅपने तो दाखवला नाही, त्यावरून मी काय ते ताडले. अक्षरसंख्येवर चालणाऱ्या साधनात हा फरक फार जाचतो. आपण शाळेत ‘फेवर’, ‘कलर’, ‘ऑनर’ यूसकट लिहायला शिकलो, म्हणजे हे शब्द आपल्या लेखी सहा अक्षरी. अमेरिकी लेखनात ते पाच अक्षरी होतात. जानेवारी 2022मध्ये ‘वर्डल’ या रोज पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायच्या ऑनलाइन खेळाचे उत्तर यूविना ‘फेवर’ असे आले, तेव्हा ब्रिटिश लेखनाची सवय असलेले खेळाडू याच कारणासाठी चिडले होते.

सात अक्षरे देऊन त्यांची उलटापालट करवून घेण्याची सोय मात्र उत्तम आहे. ‘रिटेन्स’ची सात अक्षरे दिली तर ‘नॅस्टियर’, ‘रेटिनाज’, ‘स्टेनर’ आणि ‘रेत्सिना’ नावाची ग्रीक वाइनही हाती लागते, आणि सातही ठोकळे एका दमात लावण्याचे 50 जादा गुण आपण कितीदा दवडले, हे डाव संपल्यावर कळते. डाव संपल्यावर असे म्हणते, कारण डाव चालू असताना फोन शोकेसवर पालथा ठेवायचा, असा नियम आम्हाला करावा लागला. पहिले दोन रविवार भाचा पाणी प्यायला जरा जास्तच वेळा स्वयंपाकघरात जात होता.

जाहिराती त्रासदायक आहेत, पण मोफत वस्तूबद्दल तक्रार किती करायची? पैसे भरले की त्या बंद होतात. मी अजून भरलेले नाहीत. शब्दसूची कोणती, हे ज्या दिवशी त्या अॅपमध्ये लिहून येईल, त्या दिवशी भरीन.