सोलरला रान द्यायचं: योजनेचं भाडं की कंपनीचा जादा दर?

महावितरणच्या उपकेंद्राजवळ जिरायत रान असेल, तर हल्ली सोलर प्रकल्पासाठी ते भाड्याने मागायला कुणी ना कुणी बांधावर येऊन दर सांगून जातो. घरात चर्चा मग एकाच आकड्याची होते: पहिल्या वर्षी एकरी किती? मला वाटतं, फसगत तिथेच सुरू होते.

आधी सरकारी दर. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून सौर प्रकल्प उभारणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मध्ये खासगी जमिनीला वर्षाला हेक्टरी 1,25,000 रुपये किंवा जमिनीच्या नोंदणीकृत मूल्याच्या 6 टक्के, यांतली जी रक्कम जास्त ती मिळते. म्हणजे एकरी 50,000 धरा. दरवर्षी 3 टक्के वाढ आहे, पण ती सरळ आहे, चक्रवाढ नाही. एकरी दर साल 1,500 रुपये वाढतात, विसाव्या वर्षीही 1,500च.

आता समजा कंपनीचा माणूस म्हणाला, “आम्ही 65,000 देतो.” ऐकायला भारी. पण वाढ नसेल तर हिशेब मांडून बघा. योजनेचं भाडं अकराव्या वर्षी 65,000ला पोचतं आणि पुढे जातं. करार पंचवीस वर्षांचा धरला, तर तेवढ्यात योजनेचे एकरी 17,00,000 होतात, कंपनीचे 16,25,000. मात्र एकूण हातात आलेल्या पैशात योजना गाठते ती थेट एकविसाव्या वर्षाच्या अखेरीस. म्हणून डोक्यावर सोसायटीचं कर्ज असेल, मुलीचं शिक्षण तोंडावर असेल, तर आधी जास्त मिळणारे 65,000 सरळ नाकारण्यासारखे नाहीत. तिशीतल्या मालकाने मात्र वाढीशिवाय सही करू नये. आणि कंपनी 3 टक्के चक्रवाढ द्यायला तयार असेल, तर 50,000नेच सुरुवात झाली तरी पंचविसाव्या वर्षी भाडं एक लाखाच्या वर जातं. सरळ वाढीत ते 86,000वर थांबतं.

दराइतकंच महत्त्वाचं, भाडं कधीपासून सुरू? माझ्या चुलतभावाने एका कंपनीच्या माणसाला करारनामा करून दिला. त्यात एक ओळ होती, “भाडे प्रकल्प कार्यान्वित झाल्याच्या दिनांकापासून देय राहील.” प्रकल्प काही उभा राहिला नाही. दोन खरीप रान पडीक राहिलं, रुपया आला नाही, आणि करार असल्यामुळे दुसऱ्यालाही देता येईना. ती ओळ त्याने मला सह्या झाल्यावर दाखवली, याचं मला अजून वाईट वाटतं. भाडं ताबा दिल्यापासून सुरू व्हावं. ठरल्या मुदतीत काम सुरू झालं नाही, तर करार आपोआप रद्द व्हावा. कंपनी असो वा योजनेतला ठेकेदार, दोघांकडूनही हे लिहून घ्या.

बँकेचं कलमही नीट वाचा. कंपनी आपला भाडेपट्ट्याचा हक्क गहाण ठेवून कर्ज काढते, ते रीतीचं आहे. जमीन गहाण पडता कामा नये. मुदत संपल्यावर लोखंडी खांब आणि काँक्रीट कोण उपसणार, तेही लिहिलेलं हवं.

काही जण “विकूनच टाका” म्हणतात. शेवटचा तुकडा असेल तर मी नाही म्हणेन. सगळी जमीन गेली की शेतकरी म्हणून उद्या शेती विकत घेणंही अवघड होतं. भाडेपट्ट्यात मालक म्हणून नाव सातबाऱ्यावर राहतं. मात्र भाड्याचं उत्पन्न शेतीचं धरलं जात नाही, त्यावर आयकर लागू होतो.

सातबाऱ्यावर बहिणींची नावं असतील तर त्यांच्याशी आधी बोला, सहीच्या दिवशी नव्हे. जमीन भोगवटादार वर्ग 2 असेल, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय दुसऱ्याला देता येत नसेल, तर परवानगीचा प्रश्न आधी सोडवा. भाडेपट्टा दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलाच हवा. नोटरीच्या कागदावर पंचवीस वर्षं काढता येत नाहीत.

विहिरीला बारमाही पाणी असलेलं बागायत रान मात्र योजनेलाही देऊ नका, कंपनीलाही देऊ नका. जिरायत देतानाही मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा. कुंपण सरळ रेषेत घालायचं म्हणून ओढ्याकडचा कोपरा वगळतात. त्या कोपऱ्याचं भाडं मिळत नाही, आणि तिकडे बैल न्यायला वाटही उरत नाही. वाट नकाशात दाखवून घ्या, नाहीतर त्या कोपऱ्याचंही भाडं मागा.